मागे काय वाजतंय?

ती पहिल्यांदा त्या गल्लीत आली, त्या दिवशी खाण बंद होती.

बंद म्हणजे अगदी चिडीचूप. मातीच्या उंच बांधापलीकडे दगड फोडणारं यंत्र गप्प, डंपर ओळीने उभे, आणि अलीकडे शेवटच्या घराच्या अंगणात तिने तिपाईवर लावलेलं आवाज मोजायचं यंत्र मुकाट्याने चिमण्या मोजत होतं. मोजणीला येण्याआधी खाणीला लेखी कळवायचं, असा नियम होता. तिने कळवलं होतं. खाणीने नेमकी त्याच दिवशी देखभाल-दुरुस्ती काढली होती.

दुसऱ्या खेपेला खाण दणदणत होती, पण वारा सुटला. मायक्रोफोनवर स्पंजचा गोळा असतो, तो झुळूक अडवतो. हा वारा दोरीवरचे कपडे पळवत होता. यंत्राने दिवसभर वाराच मोजला. संध्याकाळी तिपाई मिटता मिटेना, तेव्हा तिने तिला अशी काही शिवी हासडली की कुंपणापलीकडून कोणीतरी खो खो हसलं.

"काय मोजणीबाई, आजही हात हलवत परत?"

हे शेजारचे पाइपवाले काका. नळदुरुस्तीची कामं करायचे, अंगणात लोखंडी पाइपांचा ढीग, म्हणून हे नाव. तिला 'मोजणीबाई' त्यांनीच केलं होतं आणि दोन खेपांत ते गल्लीभर झालं होतं.

"वारा होता," ती म्हणाली.

"मग वाऱ्यासकट मोजा. आम्ही वाऱ्यासकटच ऐकतो."

तिने तिपाई तशीच अर्धवट मिटलेली गाडीत कोंबली.

तक्रार केली होती त्या शेवटच्या घरातल्या सुनेने. बांधाच्या बाजूला उघडणाऱ्या खोलीत तिचं टेबल होतं, टेबलावर संगणक, आणि दिवसभर कानावर हेडफोन. घरबसल्या ती एका मोठ्या इस्पितळाचे फोन घ्यायची. कोणाला डॉक्टरांची वेळ हवी असे, कोणाला तपासणीचा निकाल, कोणाला आपला माणूस कुठल्या मजल्यावर आहे ते कळत नसे. आधीच घाबरलेली माणसं. त्यात इकडून खाणीचा आवाज जायचा आणि ही माणसं विचारायची, "मागे काय वाजतंय?" काहींना वाटायचं, ही भलतीच कोणीतरी बाई रस्त्यावर उभी राहून बोलतेय, आपल्याला फसवतेय. ते फोन ठेवून द्यायचे. इस्पितळातल्या वरिष्ठ बाई अधूनमधून या फोनची रेकॉर्डिंग ऐकायच्या. त्यांनी दोनदा समज दिली होती. आता पुढच्या खेपेला फोनच्या कामावरूनच काढणार होत्या. सुनेने खिडकीत रजया कोंबून पाहिल्या. आवाज कमी झाला नाही, खोलीची भट्टी मात्र झाली.

हे सगळं सरळ होतं. वाकडं होतं ते पुढे. सुनेचा नवरा त्याच खाणीत डंपर चालवत होता.

"म्हणजे तुम्ही नवऱ्याच्याच गाडीविरुद्ध तक्रार केलीत?" मोजणीबाईने विचारलं होतं.

"मी आवाजाविरुद्ध केली," सून म्हणाली. "त्यात त्यांची गाडी आली, तर मी काय करू?"

आतून सासूबाईंच्या हातचं भांडं आपटलं. ते उत्तर होतं, की नुसतंच भांडं निसटलं, हे कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या खेपेला मोजणीबाईने खाणीला कळवलं, की या आठवड्यात कधीही मोजणी होईल. आठवडाभर देखभाल-दुरुस्ती काढणं काही त्यांना परवडणार नव्हतं. मग तिने अंगणाच्या कोपऱ्यात कुलुपाच्या पेटीत यंत्र ठेवलं, मायक्रोफोन खांबावर चढवला, पाटी लावली: 'हात लावू नये'. यंत्र आकडे टिपणार होतं, शिवाय आवाजही साठवणार होतं, म्हणजे कुठला आवाज कशाचा ते नंतर ऐकून ठरवता येईल. अंगणात बोललेलंही त्यात येईल, हे तिने दोन्ही घरांना बजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आठवड्याने ती पेटी घेऊन कार्यालयात आली, आलेख पडद्यावर उघडला आणि बघतच राहिली. काही ठिकाणी रेघ अशी उसळली होती, जणू कोणी अंगणात तोफ डागली. आणि काही ठिकाणी, ऐन कामाच्या वेळी, ती जमिनीला टेकली होती. ना शेंडा ना बुडखा.

तिने हेडफोन चढवला आणि उसळलेली जागा ऐकली. ठण! ठण! ठणाण! लोखंडावर लोखंड. मग अगदी कानाजवळ पाइपवाल्या काकांचा समाधानी आवाज: "आता बघू आकडा कसा येत नाही ते."

तिने डोळे मिटले. मग टेकलेली जागा ऐकली. आधी चपलांचा आवाज आला, मग स्टूल सरकवल्याचा, मग कापडाची सळसळ. आणि सासूबाई हळूच म्हणाल्या, "झोप बाई आता. फार ऐकलंस."

त्यांनी मायक्रोफोनला रजई गुंडाळली होती.

मोजणीबाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. लोकांचं भलं करायला निघाले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गल्लीत हजर झाली. गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं, की यंत्र चालू असतं तर त्याचीही नोंद झाली असती. काका आणि सासूबाई दोघांनाही तिने अंगणात बोलावलं.

"पाटी वाचता येते ना? काय लिहिलंय?"

"हात लावू नये," काका म्हणाले. "मी हात कुठे लावला? मी लांबून पाइप वाजवला."

"कशाला?"

"अहो, तुम्ही दोनदा रिकाम्या हाताने गेलात. म्हटलं, मदत करावी."

"काका, खाण पुरेशी वाजते हो! तिला तुमची साथ नकोय. उद्या खाणीने हे ऐकलं तर म्हणतील, सगळी गल्लीच पाइप बडवते, तक्रार खोटी. झालं ना मग!" ती सासूबाईंकडे वळली. "आणि मावशी, तुम्ही त्याला रजईत झोपवलंत?"

सासूबाईंनी पदर खोचला. "झोपवलं. आकडा मोठा आला म्हणजे खाण बंद करतील. मग माझ्या मुलाने काय करायचं? हिला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी हवा खाऊन जगायचं?"

"खाण कोणी बंद करत नाही, मावशी. आवाज कमी करायला सांगतात."

"आधी तसंच सांगतात."

"एकाने वाढवला, एकीने दाबला. दोघांनी मिळून माझा अख्खा आठवडा पाण्यात घातलात!"

काकांनी थोडा विचार केला. "मग सरासरी काढा ना. तिचं आणि माझं फिटून जाईल."

मोजणीबाई पायरीवर मटकन बसली. तिला हसावं की रडावं तेच कळेना. इतकी वर्षं ती हे काम करत होती. विमानतळ मोजले, पूल मोजले, कापडगिरण्या मोजल्या. यंत्रं तिचं ऐकायची. माणसं कधीच नाही.

पण त्या वाया गेलेल्या आठवड्यातून तिच्या हाती एक गोष्ट लागली होती. काकांची ठणठण आणि सासूबाईंची रजई यांच्या मधल्या भागात, जिथे कोणी लुडबुड केली नव्हती, तिथे खिडकीतून सुनेचा आवाज ऐकू येत होता. "नमस्कार, मी इस्पितळातून —" पीं पीं पीं पीं. "हो, इस्पितळातूनच. तुमच्या वडिलांचा —" पीं पीं पीं पीं. "नाही हो, फोन ठेवू नका, मी —" पीं पीं पीं पीं. दगड फोडणाऱ्या यंत्राची घरघर सतत होती, पण तिच्यावरून सुनेचा आवाज जात होता. सुरुंगाच्या आधी भोंगा व्हायचा, धडाका एकदाच. तिचं वाक्य तोडत होता तो डंपर मागे घेताना वाजणारा इशारा. टाचणीसारखा बारीक, आणि बरोबर माणसाच्या बोलण्याच्या मधोमध टोचणारा.

तक्रारीत मात्र लिहिलं होतं, 'खाणीचा असह्य आवाज'. सगळे सुरुंगाबद्दल बोलत होते. इशाऱ्याचं नाव कोणी काढलं नव्हतं.

या वेळी तिने ठरवलं, यंत्राला एकटं सोडायचं नाही. खाणीला पुन्हा आठवड्याची सूचना दिली, आणि रोज सकाळी घडीची खुर्ची टाकून ती स्वतः अंगणात राखण करायला बसली. काकांना ताकीद दिली, की घरात पाइप कापायचा असेल तरी आधी विचारायचं. ते दर थोड्या वेळाने कुंपणाशी येऊन खुणेने विचारायचे, खोकू का?

सासूबाई मात्र स्टूल घेऊन शेजारीच येऊन बसल्या. यंत्राजवळ बोलायचं नाही, हे त्यांना मान्य होतं. पण गप्प बसणं हे काही त्यांच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. थोडा वेळ गेला की त्या पुटपुटायच्या, "चहा?" मोजणीबाई मान हलवायची. "साखर किती?" मोजणीबाई बोटं दाखवायची. "एवढीच? म्हणून अशी चिडचिड करतेस." तेवढा तुकडा मग नोंदीतून वगळावा लागायचा. चहा आला की कपबशीचा किणकिणाट, तोही वगळायचा. सासूबाईंना वगळून उरलेला आवाज, असंच त्या मोजणीचं नाव ठेवायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी पाळी संपवून सासूबाईंचा मुलगा घरी आला. उंच, धुळीने पांढरा झालेला, डोळ्यांभोवती चष्म्याची स्वच्छ वर्तुळं. अंगणात मोजणीबाईला बघून त्याचा पारा चढला.

"अजून चालूच आहे का हे?" तो खिडकीकडे तोंड करून ओरडला. "खाणीत सगळे मला विचारतात, बायकोला आवरता येत नाही का म्हणून. मॅनेजर बघूनही न बघितल्यासारखं करतो. माझ्या पोटावर पाय आणायचाय का तुला?"

सून हेडफोन गळ्यात अडकवून दारात आली. "पोट तुम्हालाच आहे का? माझी नोकरी जातेय, ते कोणाला विचारायचं?"

"तुझ्या नोकरीवर घर चालतं का?"

"तुमचं काम बंद होतं तेव्हा कशावर चाललं होतं?"

"अगं, हळू," सासूबाई यंत्राकडे बोट दाखवत म्हणाल्या. "ते ऐकतंय."

"चालू आहे ते!" मोजणीबाई उठली आणि यंत्र बंद केलं. "झालं. आता हेही वगळायचं." मग तिचा स्वर बदलला. "दादा, तुम्ही केबिनमध्ये बसता तेव्हा काचा बंद असतात?"

"धुळीत उघड्या ठेवून मरू का?"

"मागे घेताना इशारा वाजतो, तो आत किती ऐकू येतो?"

त्याने खांदे उडवले. "येतो थोडासा. लक्षही जात नाही."

तिने सुनेकडे पाहिलं. "ताई, तुमचं बोलणं ऐकवू का यांना? तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

सुनेने गळ्यातला हेडफोन काढून हातात घेतला. मग म्हणाली, "ऐकवा. घरात सांगून तर पाहिलंच."

मोजणीबाईने आपला हेडफोन त्याच्या कानावर चढवला आणि तो तुकडा लावला. तो उभ्याउभ्याच ऐकत होता. आधी कपाळावर आठी होती. मग ती गेली. फोनवरच्या बाईला आपल्या वडिलांचं काय झालं ते हवं होतं आणि सून तेच सांगायचा प्रयत्न करत होती. चार शब्द, मग पीं पीं, चार शब्द, मग पीं पीं. शेवटी पलीकडून फोन ठेवला गेला असावा, कारण सून म्हणाली, "हॅलो? हॅलो?" आणि मग कोणालाही उद्देशून नाही, नुसतंच, "आता मी काय करू?"

त्याने हेडफोन काढला. पायरीवर बसला. बूट काढायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"मी असेन तो," तो म्हणाला. "दुपारी त्या टोकाला मीच असतो."

"तुम्हीच असं नाही, पाच-सहा गाड्या आहेत," मोजणीबाई म्हणाली.

"असेन मीच." मग तो बायकोकडे न बघता म्हणाला, "प्रत्येक फेरीला मागे घ्यावीच लागते. वळायला जागा नाही. टाकाऊ दगडाचा ढीग बरोबर वळणावर घातलाय. इशारा काढून टाकता येत नाही, मागे माणसं असतात."

"काढा कोण म्हणतंय?" सून म्हणाली. तिचा आवाज मात्र उतरला होता. ती आत गेली आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो हातात दिला, नेहमीसारखा पायरीवर ठेवून गेली नाही, असं सासूबाईंनी नंतर मोजणीबाईला दोनदा सांगितलं.

अहवाल लिहायला घेतला तेव्हा नवीनच कटकट. दिवसभराची सरासरी आली त्रेपन्न डेसिबल. मर्यादा पंचावन्न. साहेबांनी आकडा पाहिला आणि खूश झाले.

"मर्यादेत आहे. पाठवून द्या."

"साहेब, पुढचं पान वाचा. टोचणारा, एकाच सुराचा आवाज असेल तर त्यात पाच मिळवायचे असतात. अठ्ठावन्न होतात."

"ते कोण मिळवतं?"

"नियम मिळवतो."

"पण तुम्ही इथे केवढं वर्णन लिहिलंय! 'वाक्याच्या मध्ये येतो, ऐकणाऱ्याला बोलणारा खोटा वाटतो.' हा काय अहवाल आहे? आकडा लिहा, विषय संपवा."

"आकड्याने विषय संपत असता, तर त्रेपन्न डेसिबलमध्ये बाईची नोकरी गेली नसती."

कारण ती गेली होती. निदान फोनवरची. अहवाल साहेबांच्या टेबलावर पडून होता त्या दिवसांत इस्पितळाने सुनेला फोनवरून काढून लेखी निरोपांच्या कामावर टाकलं होतं. दिवसभर संगणकावर उत्तरं टाइप करायची. सुनेने फोन करून हे सांगितलं तेव्हा मोजणीबाई नुसतीच चिडली. साहेबांवर, खाणीवर, वाऱ्यावर, स्वतःवर. आणि वर्णनाची एकही ओळ न काढता अहवाल पाठवला.

खाणीच्या मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. त्याच्या खोलीला दुहेरी काचा होत्या. बाहेर डंपर मुक्यासारखे मागेपुढे होत होते.

"मॅडम, इशारा ही सुरक्षेची गोष्ट आहे. तुम्ही म्हणाल तर माणसं गाडीखाली येऊ द्यायची का?"

"मी असं कुठे म्हटलंय? दुसऱ्या प्रकारचा इशारा मिळतो. पीं पीं नाही, नुसता खसखस वाजतो. गाडीमागच्या माणसाला नीट ऐकू येतो, लांब जात नाही. आणि वळायला जागा केलीत तर मागे घ्यावंच लागणार नाही फारसं. तो ढीग हलवा."

"ढिगाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बांधावर चढून पाहिलं," ती म्हणाली. हे खरं होतं. सुनेच्या नवऱ्याने सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी ती मुद्दाम चढली होती, पँटचा गुडघाही फाटला होता.

मॅनेजरने अहवाल उलटसुलट केला. "मर्यादेत आहे असं पहिल्या पानावर, आणि नाही असं पुढे. असं कसं?"

"म्हणूनच पानं एकापेक्षा जास्त असतात."

त्याला राग आला, पण नियमावर बोट ठेवता येईना. बघू, म्हणाला. ते बघणं पुढे कित्येक महिने चाललं. पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली. ढीग हलवला, तो आधी चुकीच्या बाजूला. तिथून पुन्हा हलवला. जुने इशारे एकेका गाडीचे बदलत गेले. पहिल्या नव्या इशाऱ्याची गाडी कोणाला देणार, असा प्रश्न आला तेव्हा सुनेचा नवरा स्वतः पुढे झाला. यावरून खाणीत त्याची भरपूर थट्टा झाली, आणि तो घरी येऊन चिडचिड करत राहिला, पण गाडी बदलून मागितली नाही.

सगळं झाल्यावर मोजणीबाई पुन्हा मोजायला आली. वारा नव्हता. काका कुंपणाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून, निरपराध चेहऱ्याने. सासूबाई आजारपणामुळे आत पडून होत्या आणि आतूनच मोठ्याने विचारत होत्या, किती आला?

सरासरी एक्कावन्न आली.

"म्हणजे दोनच कमी?" काकांचा चेहरा पडला. "एवढा आटापिटा दोनासाठी?"

साहेबांनीही फोनवर तेच शब्द वापरले. ती समजावत बसली नाही. टोचणारा सूर गेल्यामुळे पाच मिळवायची आता गरज उरली नव्हती. पण ते दोघांनाही पटलं नसतं.

सून त्या महिन्यापासून पुन्हा फोनवर होती, तात्पुरती, चाचणीवर. जमलं तर ठेवू, असं वरिष्ठ बाईंनी सांगितलं होतं. खिडकीत रजया कोंबायची वेळ आता येत नव्हती आणि खोलीत हवा होती. मोजणीबाई यंत्र आवरत असताना आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. कोणाला तरी ती रस्ता सांगत होती: मुख्य दरवाजातून आत आलात की डावीकडे वळा, लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर या, तिथे निळ्या कपड्यातल्या सिस्टर असतील, त्यांना नाव सांगा, घाबरू नका, तुमचे वडील आता बोलतायत. बांधापलीकडे एक डंपर खसखसत मागे आला आणि थांबला. सुनेने वाक्य पूर्ण केलं, पलीकडच्याचे आभार ऐकून घेतले आणि पुढचा फोन उचलला.

मोजणीबाई तिपाई मिटायला लागली. या वेळीही ती मिटेना.